चौथा रकाना

मुलींच्या होस्टेलच्या फाटकावर
माह्याजवय एक रजिस्टर असते.
नाव, गेल्याचा टाइम, आल्याचा टाइम, कारन.
कॉलेज शेतीचं, गावाच्या बाहीर दीड किलोमीटर,
मंधात पऱ्हाटीचं वावर
आन् पान्याची टाकी.

जुलैत ते आली. मलावी देशाची.
म्या म्हटलं, नागपूरच्या तिकडे असंन.
हसली नाई.
हसाले भाषा लागते.

नाव तियामिके.
म्या लिवलं टिमकी.
चार महिने टिमकीच लिवलं,
कोनी टोकलं नाई, तिनंबी नाई.

चौथ्या रकान्यात ते इंग्रजीत लिवे: नेटवर्क.
रोज रातच्या साडेनवाले.
टाकीच्या सातव्या पायरीवर
मोबाईलले दोन कांड्या भेटतेत,
आन् तवा तिच्या मायच्या घरी
सांजच असते म्हने अजून.
काय बोले ते समजे नाई,
पन शेवटचा शब्द रोज एकच,
त्यावरून समजो, फोन ठेवला.
एखाद्या राती फोन ठेवूनबी उतरेच ना.
मंग मी उगाच बॅटरी मारो,
इचू-किड्याच्या नावानं.

सुगंती भिलावेकर मेयघाटची.
घर धारनीच्या पल्याड, तठी टॉवर नाई,
मायजवय मोबाईल नाई.
घरची बोली कोरकू, मराठी तिलेबी शायेत शिका लागली,
आन् मेसमधल्या पोरी तिलेबी इचारत,
कुठची व तू?

एका राती रजिस्टरात
एकाखाली एक दोन नावं.
कारन दोघीचं: नेटवर्क.
म्या म्हटलं, सुगंते, तू कोनाले फोन लावतं व?
म्हने, कोनालेच नाई.
आन् गेली.

सातव्या पायरीवर एक बोले.
सहाव्या पायरीवर एक
सीताफय खात बसे,
बिया अंधारात थुके.

मंग युनिव्हर्सिटीतून एक फारम आला,
बाहीरच्या देशातल्या पोरायसाठी. चोवीस सवाल.
सुगंतीसाठी नोयता.
तियामिके माह्याच खुर्चीवर बसून भरत होती,
माह्याच पेनानं.
झोप लागते का. जेवन जाते का.
एकटं वाटते का: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
तिनं तिन्ही ठिकानी खुना केल्या,
मंग दोन खोडल्या.
कोनत्या, ते म्या पाह्यलं नाई.
खोटं काहून बोलू. पाह्यलं.

अडचण आल्यास कोणाकडे जाल? तीन नावे लिहा.
पह्यलं, सुगंती.
दुसरं मेसवाली वत्सला, जे तिच्यासाठी
ज्वारीच्या कन्या घट्ट शिजवे,
हातानं गोया करून खाता येईन अशा.
तिसऱ्यापाशी पेन थांबला.
म्हने, काका, तुमचं नाव काय?

मले राग नाई आला. लाज आली.
रजिस्टर उघडून तिच्यापुढं ठेवलं,
म्हटलं, आधी तू तुह्यं लिव,
मले गिरवू दे.
ति-या-मि-के.
अर्थ काय, तं म्हने, आपन आभार मानू.
म्हटलं, कोनाचे?
ते तिले सांगता आलं नाई, मराठीत.
मंग म्या माह्यं सांगतलं. पुंजाराम.
तिनं काय लिवलं कोनास ठाऊक,
म्या बराबर हाये म्हटलं.

फारमाचं पुढं काय झालं, कोनी इचारलं नाई,
कोनी आलंबी नाई.

दिवायीले होस्टेल खाली झालं.
सुगंती निंघाली परतवाड्याच्या गाडीले,
एका हातात थैली,
दुसऱ्या हातात तियामिकेची.
मायले सांगून ठेवलं म्हने, आठ दिवस फोन नाई.
रजिस्टरात पह्यल्यांदा मराठीत लिवलं,
अक्षरं मोठी, वाकडी,
रकान्याच्या बाहीर गेलेली:
कारण: तिथे नेटवर्क नाही.

रातच्या साडेनवाले
सवयीनं टाकीवर बॅटरी मारली.
सातवी पायरी. सहावी.
सीताफयाच्या बिया.
कोनी नोयतं.
बरं वाटलं.